उरलेल्या पेशी आणि माझी हुशारी

माझ्या रक्ताचा कॅन्सर पहिल्या औषधाला हटला नाही, दुसऱ्याला हटला. पहिलं औषध चालू असताना मी एक मूर्खपणा केला. तो अडाणी म्हणून नाही, शिकलेली म्हणून केला. लातूरला, नांदेडला, कुठल्याही दवाखान्याच्या कॉटवर पडून कुणी ही पानं वाचत असेल, तर आधी एवढं ऐकून घ्या : मी जिवंत आहे. धडधाकट आहे. काल दोन बॅचेस घेतल्या आणि फळ्यावर लिहून लिहून आज खांदा दुखतोय. बाकीचं आता निवांत वाचा.

घरची माहिती

मी सुरेखा. लातूरला खाजगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते.

भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. त्यात आमचं गाव गेलं, आई गेली. वडील, म्हणजे आबा, तोवर दुसऱ्याच्या रानात राबायचे. गाव नव्यानं बांधायला घेतलं तसे ते गवंड्याच्या हाताखाली लागले आणि दोन-तीन वर्षांत स्वतःच गवंडी झाले. माझी शाळा पत्र्याची होती. उन्हाळ्यात वर हात लावला तर भाजायचा. त्या पत्र्याखालून निघून मी बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी मिरवते. कुणाला टोचत असेल तर टोचू द्या.

मी शिकवायला लागले तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागत होते. चाकूर, भोकर, धर्माबाद, कुठनं कुठनं पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन उतरायची. पोरं आली की जेवण आलं. माझे मालक बालाजी यांनी त्याच गर्दीत मेस टाकली. दोन्ही वेळचे दीडशे डबे-ताटं. आम्हाला मूलबाळ नाही, पण घरात शांतता कधी नव्हती.

बालाजी दहावीला दोनदा बसले आणि दोनदा राहिले. मात्र मेस चालवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांची एक पद्धत आहे : रोज जे शिजेल त्यातलं एक-एक वाटी काढून, झाकून, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचं. भाजी, वरण, भात, सगळं. एखाद्या पोराचं पोट बिघडलं तर काय खाल्लं होतं ते डॉक्टरला दाखवता यावं म्हणून. मी त्यांना हसायचे. म्हणायचे, "तुमच्या मेसमध्ये रोज एक माणूस उपाशी राहतो आणि फ्रीज जेवतो."

माझी स्लाईड

त्या वर्षी परीक्षांच्या तोंडावर माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे डाग. दोन जिने चढले की धाप. वाटलं, जागरणं आहेत, पेपर सेट करणं आहे. बॅच संपली की बघू.

शेवटी रक्त दिलं. दुपारी लॅबवाला स्वतः क्लासच्या दारात आला. त्याची पोरगी माझ्याकडे होती, म्हणून ओळख.

"मॅडम, परत येकदा रक्त घ्यावं लागंल. मशीनचा काहीतरी घोळ वाटायलाय."

"किती आल्यात पांढऱ्या पेशी?"

"तुमी या की आधी."

मी त्याच्या लॅबमध्ये गेले आणि म्हणाले, स्लाईड दाखव. तो नको नको म्हणत राहिला. मी त्याला बाजूला सारून मायक्रोस्कोपला डोळा लावला. वीस वर्षं पोरांना आकृत्या काढून दाखवल्यात मी, त्यामुळे काय बघतेय ते कळायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मोठं केंद्रक, थोडासाच पेशीद्रव, एकाला एक चिकटून नुसती गर्दी. पोरांना दाखवायला अशी स्लाईड कधी मिळाली असती तर मी हरखून गेले असते.

"ही माझीच आहे ना?"

त्यानं खुर्ची पुढे केली.

घरी येऊन बालाजींना सांगितलं. ते पोळ्यांच्या कणकेत मीठ घालत होते. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि विचारलं, "नांदेडला जायचं का हैद्राबादला?" रडणं, हाय-हाय काही नाही. ते बघून मीही रडायची राहिले. संध्याकाळचं जेवण वाढून झाल्यावर मात्र ते गॅसच्या टाक्यांच्या मागे जाऊन बराच वेळ उभे होते. ते मी खिडकीतून बघितलं, पण बघितलं असं त्यांना आजवर सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळेल.

लाल बाटली

नांदेडला रक्ताच्या आजारांचे डॉक्टर होते, म्हणून नांदेड. कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढली. दंडातून एक बारीक नळी आत सरकवली. आणि मला दोन कॉटच्या काचेच्या खोलीत ठेवलं. आत यायचं तर मास्क, हात धुणं, चपला बाहेर. फुलं नाही, कच्चं फळ नाही, कोशिंबीर नाही, उकळलेलंच पाणी. बालाजींसारख्या माणसाला हे ऐकून चक्करच आली. त्यांचं प्रेम म्हणजे ताटातली काकडी-कांदा-लिंबू. ते सगळंच बंद.

ते मेस सोडून कायम राहू शकत नव्हते. दर दोन-तीन दिवसांनी एस.टी.नं यायचे, संध्याकाळी परत. माझ्याजवळ आबा असायचे. दिवसभर काचेबाहेर बाकावर. मी हात हलवला की तेही हलवायचे. लहानपणी कधी इतके हात हलवले नव्हते आम्ही एकमेकांना.

शेजारच्या कॉटवर धर्माबादच्या शहनाजआपा होत्या. मिरचीच्या बाजाराजवळ त्यांच्या घरचं शिलाईचं दुकान, तीन पिढ्यांपासूनचं. त्या माझ्याआधी तीन आठवडे आलेल्या, त्यामुळे वॉर्डाच्या मालकीण असल्यासारख्या वागायच्या.

माझं पहिलं लाल औषध आलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, "घाबरू नका मॅडम. आता उद्यापतूर लघवी गुलाबी व्हईल. मी पैल्यांदा बघून सिस्टरला हाक मारली, मनलं, खून बह रहा है बाई. ती हसून हसून खाली बसली."

तीन दिवस लाल बाटली, सात दिवस पांढरी. मग पेशी पडायला लागल्या, चांगल्या-वाईट सगळ्याच. तोंड आलं. केस उशीवर राहायला लागले. सकाळी सहाला रक्त, नऊला डॉक्टरांचा राऊंड, अकराला पिवळी पिशवी, म्हणजे प्लेटलेट. दुपारी ताप आला तर त्याची धावपळ. दिवस असा ठोकळ्यांत कापलेला. एक सांगते, त्या ठोकळ्यांचा आधार होता. भीती वाटायची ती दोन ठोकळ्यांच्या मधल्या जागेत.

प्लेटलेट द्यायला माझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, नांदेडला मेडिकलला शिकणाऱ्या. त्यातली एक काचेपलीकडून फोनवर म्हणाली, "मॅडम, प्लेटलेटचं आयुष्य आठ ते दहा दिवस. तुम्हीच छडी घेऊन घोकून घेतलंय. म्हणजे मी पुढच्या आठवड्यात परत येते." माझं तोंड इतकं आलेलं की हसताना रक्त आलं. पण मी हसले.

पाऊच

आता मूर्खपणाकडे येते.

मी पोरांना वर्षानुवर्षं एक ओळ लिहून देत आलेय : अँटीऑक्सिडंट पेशींचं रक्षण करतात. एका मार्काची ओळ. त्यातही ग्लुटाथायोन हे पेशीच्या आतलं सगळ्यात महत्त्वाचं. आणि ही ओळ माझ्या डोक्यात अशी घट्ट बसलेली की, औषधानं माझ्या चांगल्या पेशी मरतायत म्हटल्यावर मला उत्तर लगेच सुचलं. माझ्या पेशींचं रक्षण करायचं.

मी बालाजींना यादी दिली. ग्लुटाथायोनच्या गोळ्या, क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या कॅप्सूल, द्राक्षाच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सूल, आवळ्याचा अर्क. सगळं लातूरच्या मेडिकलमध्ये विनाचिठ्ठी मिळतं. ते घेऊन आले, पण पिशवी हातातच धरून उभे राहिले.

"मॅडम, डॉक्टरला इचारून घेऊ का येकदा?" ते मला घरातही मॅडमच म्हणतात. मेसच्या पोरांचं ऐकून ऐकून सवय लागली.

"त्यांना काय विचारायचं? हे मी शिकवते."

"तसं न्हाई, पर इतक्या बाटल्या..."

"अहो, दहावीला दोनदा बसलेल्या माणसानं मला जीवशास्त्र शिकवू नये."

हे मी म्हणाले. शहनाजआपांच्या देखत म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. बालाजींनी पिशवी टेबलावर ठेवली, रिकामा डबा उचलला आणि गेले.

मी त्या गोळ्या पोरांच्या पेन ठेवायच्या पाऊचमध्ये भरल्या. रोज सकाळी रक्त काढून झालं की राऊंडच्या आधी घ्यायचे. डॉक्टर राऊंडला रोज एकच प्रश्न न चुकता विचारायचे, "बाहेरचं काही घेता का?" मी रोज म्हणायचे, "नाही." मला ते खोटं वाटायचंच नाही. मला वाटायचं, मी जास्तीचा अभ्यास करतेय आणि निकालाला सगळ्यांना चकित करणार. लातूरच्या पोरांना मी हेच शिकवलं होतं. आपलं टिपण कुणाला दाखवायचं नाही, मार्क दाखवायचे.

बालाजी आणत राहिले. कुरकुर न करता. एक बाटली संपली की दुसरी.

निकाल

चौथ्या आठवड्यात परत मज्जा काढली. मला इतकी खात्री होती की आबांना सांगून ठेवलं, पेढे लातूरचेच आणा.

डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले. राऊंडला ते कधी बसत नसत. त्यांनी बसल्याबरोबर मला कळलं.

"सुरेखाबाई, पुष्कळ पेशी गेल्या. पण जितक्या उरायला नको होत्या, तितक्या उरल्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरी फेरी. औषधं बदलून, जास्त जोराची. त्यात गेल्या तर आपण जिंकू. नाही गेल्या तर..." त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "तेव्हाचं तेव्हा बघू. आता मला एक नीट सांगा. बाहेरचं काही घेत होता का? काढा, पावडर, गोळी?"

"नाही."

बालाजी दाराशी होते. मास्क लावलेला, हातात डबा. तेव्हा त्यांचा आवाज आला.

"हाय साहेब. घ्यायलीय ती. म्याच आणून दिलंय."

मी त्यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळाला असता. ते आले. शर्टाच्या आतल्या खिशातून एक प्लास्टिकची डबी काढली. तिच्यात प्रत्येक बाटलीतली एक-एक गोळी, कागदात बांधून, वर बाटलीचं लेबल चिकटवलेलं. आणि चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात : कधीपासून, दिवसाला किती.

"आमच्या मेसला पद्धत हाय साहेब. जे जे पोटात जातंय त्यातलं थोडं काढून ठेवायचं. उद्या काय झालं तर दाखवाया व्हतंय."

डॉक्टरांनी एक-एक पुडी उघडून बघितली. लेबलं वाचली. मग चष्मा काढून बालाजींना म्हणाले, "माझ्या इतक्या पेशंटांत असं कुणी केलं नव्हतं." आणि माझ्याकडे वळले.

"काय शिकवता तुम्ही?"

"जीवशास्त्र."

"अँटीऑक्सिडंट काय करतं?"

"पेशींचं रक्षण करतं."

"कुठल्या पेशींचं?"

वीस वर्षांत पोरांपैकी एकानंही मला हा प्रश्न विचारला नव्हता. मीही स्वतःला कधी विचारला नव्हता.

मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. ते लाल औषध ज्या वाटांनी काम करतं, त्यातली एक म्हणजे पेशीच्या आत ऑक्सिजनची आग पेटवणं. ल्युकेमियाच्या पेशी मुळातच अशा थोड्या आगीत जगतात, म्हणून त्यातल्या काही ती विझवायचं सामान भरपूर जवळ बाळगतात. ग्लुटाथायोन हे त्यातलंच एक. औषध आलं की ज्यांच्याकडे सामान कमी त्या जळतात. ज्यांच्याकडे जास्त, त्या उरतात. उरलेल्यांपासूनच पुन्हा सगळी फौज उभी राहू शकते.

"म्हणजे मी त्यांना पुरवठा करत होते?"

"ते मला सांगता येणार नाही. तुमच्या गोळीतलं तिथवर किती पोचलं, पोचलं तरी का, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही. त्या पेशी तशाही चिवट असतील. पण मी आग लावत असताना तुम्ही पाण्याची बादली घेऊन उभ्या असाल, तर मला ते माहीत हवं."

डॉक्टर गेले. बालाजी डबा ठेवून उभे होते. मी म्हणाले, "जा तुम्ही." ते गेले.

थोड्या वेळानं शहनाजआपा भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, येक बोलू? त्यांच्या जागी माझा नवरा असता ना, तर गपचूप ऱ्हायला असता. बायकोच्या रागाला भिऊन. तुमचावाला भ्याला न्हाई."

"तुम्ही गप्प बसा आपा."

"बसते. मुँह आलंय माझं, बोलताना दुखतंय बी."

भिंत

दोन दिवस मी तोंडावर चादर ओढून पडून राहिले. राग बालाजींचा नव्हताच. मला एकच वाटत होतं, मी स्वतःच्या हातानं स्वतःला मारलं. दुसरी फेरी सुरू व्हायची होती आणि मी डॉक्टरांना म्हणाले, मला नको आता. घरी जाते.

त्यांनी आबांना आत पाठवलं. मास्क लावून, हात कोपरापर्यंत धुऊन आबा आले आणि पहिल्यांदा माझ्या कॉटच्या कडेला टेकले. त्यांची बोटं सिमेंटनं कायमची फुटलेली आहेत. ती त्यांनी मांडीखाली लपवली, मला संसर्ग होईल म्हणून.

"काय करायलीस गं तू?" ते म्हणाले.

मी कूस बदलली.

"तुझी माय ज्या भिंतीखाली गेली, ती म्या बांधली व्हती."

हे मला माहीत नव्हतं. चाळीशीला आलेली मी, आणि मला माहीत नव्हतं.

"दोन हात जाड. दगड आन माती. लोक बारकी बांधायचे, म्या जाड बांधली. कामून? तर उन्हाळ्यात गार ऱ्हावं, चोर-चिलटं येऊ नयेत, तुमी मायलेकी आत नीट ऱ्हाव्या. त्या राती तीच भिंत आत पडली. बारकी असती तर कदाचित तुझी माय निघाली असती. कदाचित न्हाई बी. म्या लई वरसं त्याचाच हिशेब करायलो."

"आबा..."

"ऐक. भिंत काय बघत न्हाई आत कोण हाय. ती नुस्ती उभी ऱ्हाती न्हाईतर पडती. चूक झाली माझी? झाली बी आन न्हाई बी. पर त्याच्यानंतर म्या हजारभर भिंती बांधल्या असतील, तशी येकही न्हाई. लोखंड घालायचं शिकलो, भिंतीला सिमेंटचा पट्टा घालायचं शिकलो. त्या इंजिनेरपुढं खाली मान घालून इचारायचो, साहेब, हे कसं, ते कसं. पोरं हसायची. हसू दे." ते उठले. "तू तर शिकलेली हायस. तुला इचारायला काय लाज?"

एवढंच. परत जाऊन बाकावर बसले. मी हात हलवला नाही त्या दिवशी. पण सिस्टरला बोलावलं आणि पाऊच तिच्या हातात दिलं. तिनं आतून सगळं काढलं, ओळीनं लावलं, आणि म्हणाली, "बाई गं, मेडिकलच टाकलं होतं की तुम्ही इथं."

दुसरी फेरी

ती सोपी नव्हती. लिहायला दोन ओळी लागतात, जगायला पाच आठवडे लागले. एका दुपारी ताप असा चढला की आबा काचेपलीकडे बसलेत की उभे आहेत तेही दिसेना. श्वास अर्ध्यावर अडकायचा. दोन सिस्टर, एक डॉक्टर, ऑक्सिजन. त्या गोंधळात मला एकच गोष्ट स्पष्ट आठवते : शहनाजआपा पडद्यापलीकडून मोठ्यानं माझ्याशी बोलत राहिल्या. ब्लाऊजची बाही कशी कापायची ते सांगत होत्या. काखेत कापड किती सोडायचं, कुठं तिरकं जायचं. मी त्यांच्या आवाजाच्या मागे मागे गेले. संध्याकाळी ताप उतरला तेव्हा मला बाही कापता येत होती. खरंच. त्यानंतर मी शिलाई मशीन घेतली.

लहान लहान मेहेरबान्या पुष्कळ होत्या. त्या मोजायला शिका. तोंड बरं झाल्यावरचा पहिला ऊन ऊन मऊ भात, वर तुपाची धार. रक्त काढणारा पोऱ्या पहिल्याच टोचणीत शीर गाठायचा तो दिवस. गावाकडची जीपभर माणसं भेटायला आली, त्यांना वर सोडलं नाही, म्हणून सगळी खाली रस्त्यावर ओळीनं उभी राहिली आणि माझी आत्या भर रस्त्यात तिसऱ्या मजल्याकडे बघून ओरडली, "सुरे, केस गेले तर गेले, डोकं तर चांगलंय न्हवं?"

बालाजी येतच होते. दर दोन-तीन दिवसांनी. डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढंच, तसंच शिजवून. आम्ही कामापुरतं बोलायचो. मी डॉक्टरांना आता सगळं विचारायला लागले होते. ओवा चालेल का, लवंग चालेल का, हा मलम लावू का. ते एकदा वैतागून म्हणाले, "सुरेखाबाई, पाणी प्यायला विचारायची गरज नाही." पण बालाजींना मी सॉरी म्हणाले नव्हते. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तिथं बसायचा. आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेल्या माणसानं चूक कबूल करायची वेळ याआधी कधी आलीच नव्हती. त्याचा सराव नव्हता मला.

एक सांगणं

पुढचं सांगायच्या आधी हे मधेच लिहिते, कारण शेवटी लिहिलं तर कुणी वाचत नाही. आवळा वाईट नाही. जीवनसत्त्व वाईट नाही. मी बरी असताना आजही खाते. पण औषध चालू असताना तोंडात जे जाईल ते डॉक्टरांना सांगा. घरच्यांनी आणलेलं, शेजारणीनं दिलेलं, मोबाइलवर वाचलेलं, आणि खास करून तुमच्या स्वतःच्या हुशारीतून आलेलं. तुम्ही इंजिनियर असा, मास्तर असा, वकील असा. तुमचं पुस्तक बरोबर असेल, पण ते तुमच्या पेशी बघून लिहिलेलं नाही. आणि माझ्यासारखं काही झालंच असेल तर आजच सांगा. रागावतील. रागावू द्या. त्यानं मरत नाही माणूस.

त्या दिवशी

दुसऱ्या फेरीनंतरची मज्जा काढली आणि रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. तो यायच्या दिवशी बालाजी लातुरात होते. परीक्षेचे दिवस, मेस बंद ठेवणं शक्य नव्हतं. आबा बाकावर. आपांची सुट्टी दोन दिवसांवर आलेली. त्यांच्या मज्जेचा रिपोर्ट आठवड्यापूर्वीच स्वच्छ आला होता. त्या बॅग भरत होत्या, काढत होत्या, परत भरत होत्या.

दुपारी साडेबाराला डॉक्टर आले. राऊंडची वेळ नव्हती. ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "गेल्या."

"सगळ्या?"

"दिसण्याइतकी एकही नाही. पक्कं करायला अजून तीन फेऱ्या द्याव्या लागतील. पण सुरेखाबाई, तुम्ही जिंकलात."

काचेपलीकडे आबा उभे राहिले होते. मी बोटांनी खूण केली. त्यांना कळलं. ते भिंतीला टेकले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी फोन लावला. साडेबारा म्हणजे मेसला पहिल्या पंगतीची वेळ. पलीकडून ताटांचा, वाट्यांचा, पोरांचा कल्लोळ.

"हां मॅडम, बोला. काय मनले डॉक्टर?"

"पेशी गेल्या. सगळ्या गेल्या."

फोनवर नुसता ताटांचा आवाज. मग बालाजी फोन बाजूला करून पंगतीला ओरडले. काय ओरडले ते कळलं नाही, रडत रडत ओरडत होते. आणि पंगतीतल्या सगळ्या पोरांनी मिळून जी आरोळी ठोकली, ती फोनमधून इतक्या जोरात आली की सिस्टर दारात धावत आली. ताटं वाजवत होती कारटी. चमचे, पेले, जे हाताला येईल ते. आपा बॅग सोडून म्हणाल्या, "या अल्ला! कोणतं इलेक्शन जिकलं?"

आवाज थोडा खाली आला तसं मी म्हणाले, "अहो, ऐका. तुम्ही बरोबर होतात. मी चुकले."

"काय?"

"म्हटलं, तुम्ही बरोबर होतात. मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

"आं? पोरं लई गलका करायलीत. ऐकू येईना."

मी उठून बसले. दंडातली नळी सांभाळली आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात ओरडले, "माझं चुकलं! तुम्ही बरोबर होतात!"

पलीकडे एकदम शांत. पोरंही शांत झालेली होती. मग त्यांचा आवाज आला, अगदी साळसूद.

"काय मनलात मॅडम? परत बोला की येकदा."

शहनाजआपा तोंडावर पदर धरून हसत होत्या. "मॅडम, त्यानला कवाच ऐकू आलंय. परत ऐकायचंय त्यानला."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. मग मी परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मागच्या बाकावरच्या पोरापर्यंत पोचावा तसा.